साडेतीन खोल्या

मराठीत कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, कवितेची तर कवितेपेक्षा जास्त होते. पण हॉटेलच्या दरपत्रकाची समीक्षा कुणी केलेली अजून माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक कादंबरी वाईट निघाली तर माणसाचे तीनशे रुपये आणि दोन दुपारी वाया जातात, आणि दुपारी तो बहुधा झोपलेलाच असतो. दरपत्रक वाईट निघालं तर सबंध कुटुंबाला दोन रात्री त्या वाङ्मयात राहावं लागतं. ही उणीव भरून काढण्यासाठी मी पुढं येत आहे. पात्रता विचाराल तर मी बी. कॉम. आहे, वीस वर्षं बँकेत कारकुनी केली आहे, आणि लोकांनी लिहून दिलेल्या कागदावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, याच कामाचा मला पगार मिळतो. समीक्षकाला याहून अधिक काय लागतं?

राहायला मी देवगाव फाट्याला. परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. जालन्याकडून मंठ्यावरून येणारा रस्ता इथून जिंतूरकडे जातो आणि एक रस्ता सेलूकडे वळतो. मुद्दाम इथं येणारे कमी, इथून दुसरीकडे जाणारे फार. त्यामुळे ‘कुठं जायचं’ या विषयावर बोलण्याचा आम्हाला जन्मसिद्ध अधिकार आहे. आणि कुणाच्याही सरळ बेताला फाटे फोडणं हा तर आमचा पत्ताच आहे.

बेत तसा सरळ होता. बँकेच्या रजा प्रवास सवलतीचा, म्हणजे आमच्या भाषेत एल. एफ. सी.चा ब्लॉक संपत आला होता. सवलत न घेता ब्लॉक संपू देणं हे बँकेत जुगारापेक्षा वाईट समजतात. कन्येनं (वय १४) आणि चिरंजीवांनी (वय ८) एकमतानं खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क ठरवलं. त्यांचं एकमत आयुष्यात प्रथमच झाल्यामुळे ते मोडणं मला अशुभ वाटलं. आई म्हणाली, “शिर्डीला चला की. तिथंबी आता लेकरायला पाण्यात खेळायचं झालंय म्हणं.” आईची माहिती बरोबर होती. शिर्डीत ‘साईतीर्थ’ नावाचं देवाधर्माचं थीम पार्क आहे आणि जवळच पाण्याचंही आहे. पण शिर्डीला काय, जालन्याहून समृद्धी महामार्ग धरला की कधीही जाता येईल, असं सगळे म्हणाले. ‘कधीही जाता येईल’ अशा ठिकाणी माणूस कधीच जात नाही, हे आईला ठाऊक असावं. ती नुसती हसली. अण्णा काहीच बोलले नाहीत.

जाणारी माणसं सात. आई, अण्णा, अण्णांची धाकटी बहीण म्हणजे माझी आत्या आक्का, मी, सौभाग्यवती, कन्या आणि चिरंजीव. बँकेच्या नियमात आई-वडील कुटुंबात बसतात, पण त्यांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. त्यांची पेन्शन जगातली कुठलीही मर्यादा ओलांडत नाही. आत्या मात्र बँकेच्या कुटुंबात बसत नाही. ती आमच्या कुटुंबात गेली तीस वर्षं बसली आहे, हा भाग वेगळा. शिवाय बँक देते ते प्रवासाचं भाडं. मुक्कामाचं ज्याचं त्यानं बघायचं. म्हणून मी मोबाईल घेऊन बसलो आणि दोन रात्रींत एकोणीस दरपत्रकं वाचून काढली.

या वाङ्मयाचा पहिला विशेष म्हणजे संक्षेप. तो अंतराच्या बाबतीत फार खुलतो. एका हॉटेलनं ‘पार्कपासून हाकेच्या अंतरावर’ असं लिहिलं होतं. नकाशावर मोजलं तर नऊ किलोमीटर. मी ते कविकल्पना म्हणून सोडून देणार होतो, पण चिरंजीवांनी निदर्शनास आणून दिलं की आजी हाक मारते तेव्हा ती सेलूला ऐकू जाते. म्हणजे अंतर बरोबर होतं. हाक कुणाची, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

दुसरा विशेष छायाचित्रांचा. ती खोलीच्या कोपऱ्यात, छताला पाठ लावून काढलेली असतात, त्यामुळे दहा बाय बाराची खोली वाड्यातल्या दिवाणखान्यासारखी दिसते. पलंगावर टॉवेलाचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले असतात. हे हंस मला फार सूचक वाटतात. ते नेहमी दोनच असतात. हंसाची आई, हंसाचे वडील, हंसाची आत्या यांना त्या पलंगावर जागा नाही.

तिसरा विशेष काळाचा. हॉटेलचा दिवस दुपारी दोनला उजाडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मावळतो. म्हणजे एकवीस तास. पैसे मात्र पुऱ्या दिवसाचे. आमच्या बँकेनं एक वर्षाची ठेव घेतली आणि साडेदहा महिने झाल्यावर ‘वर्ष झालं’ म्हणून गिऱ्हाइकाला व्याज दिलं असतं, तर कुणी काही बोललं नसतं. पण साडेदहा महिन्यांच्या कर्जाला वर्षाचं व्याज लावलं, तर तेच गिऱ्हाईक काउंटरवर चढेल. इथं कुणी चढत नाही, कारण सगळे आपापल्या बॅगांवर बसून दोन वाजायची वाट बघत असतात. सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालेला माणूस कल्याणला उतरून, लोकलनं सकाळी खोपोलीला पोचतो, तेव्हा हॉटेलची मध्यरात्र असते.

चौथा विशेष, आणि थोर वाङ्मयाचं हे लक्षणच आहे, तो मौनाचा. लिफ्ट असली की दरपत्रकात ‘लिफ्ट’ असं लिहिलेलं असतं. नसली की ‘डोंगराचं विहंगम दृश्य’ असं लिहिलेलं असतं. कॉलेजात आम्हाला ताळेबंद वाचायला शिकवताना सांगत, आधी आकडे बघू नका, तळाच्या टिपा बघा. दरपत्रकालाही तळ असतो. तिथं बारीक अक्षरात ‘नाश्ता दोघांसाठी’, ‘गरम पाणी ठरावीक वेळेत’ वगैरे महत्त्वाचं वाङ्मय दडलेलं असतं.

आता ‘मध्यम दर’ म्हणजे काय? मध्यमवर्गीय म्हणजे कोण, याप्रमाणे हाही प्रश्न परिसंवादात सोडवायचा असतो, अशी माझी समजूत होती. पण सरकारनं तो परस्पर सोडवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,५०० रुपयांची खोली करासकट ७,८७५ रुपयांना पडते. तीच खोली ७,५०१ रुपयांची असेल तर ८,८५१ रुपये १८ पैसे होतात. दरपत्रकातल्या एका रुपयासाठी खिशातून ९७६ रुपये १८ पैसे जातात. हा एक रुपया कुठं सोडायचा हे ज्याला कळतं, तो मध्यमवर्गीय.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. पुढच्या वर्षी तिथं पाण्याचं पार्क आलं आणि २०१५ मध्ये अगदी लागून नोव्होटेलचं हॉटेल उघडलं. त्याच्या खोल्या २८७. पार्कचा कारभार २०२२ पासून संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. हॉटेलच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की पार्क, अशी उत्तम सोय. तीन खोल्या, दोन रात्री असा गुणाकार मी कॅल्क्युलेटरवर केला. मग कॅल्क्युलेटर बिघडला असेल म्हणून हातानं केला. मग त्या हॉटेलविषयी मनात आदर बाळगून मी यादीत खाली सरकलो.

खरी अडचण भागाकाराची होती. हॉटेलवाल्यांच्या जगात खोली ही दोघांची असते. सात भागिले दोन, साडेतीन. साडेतीन या आकड्यावर महाराष्ट्राचं पूर्वापार प्रेम आहे. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा साडेतीन. पण साडेतीन खोल्या कुणी देत नाही. खोल्या तीन घ्यायच्या आणि उरलेल्या माणसाला कुठंतरी गादी टाकायची. या उरलेल्या माणसाला दरपत्रकात एक नावही आहे : ‘जास्तीची व्यक्ती’.

मी कारकून माणूस. खतावणीच्या कागदावर तक्ता आखला. हॉटेल, अंतर, दर, कर, नाश्ता, आणि शेवटचा रकाना ‘जास्तीची व्यक्ती’. अण्णांना पलंग सोसत नाही. घरीही ते खाली गादीवरच झोपतात. म्हणून, केवळ हिशेबाच्या सोयीसाठी, त्या रकान्यात मी पेन्सिलीनं ‘अण्णा’ असं लिहिलं आणि तक्ता टेबलावर ठेवून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अण्णा म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी न्हाई येत. घराला कुणीतरी पाहिजे.”

आमच्या घरात चोरण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे गॅसची टाकी, आणि तीही त्या आठवड्यात रिकामी होती. पण अण्णा पुढं बोलेनात. आई म्हणाली, “ते न्हाईत तर मी कशाला? त्यांच्या गोळ्या कोण बघंल?” आक्का म्हणाली, “वहिनी न्हाई तर मी कुणासंगं बोलू तिथं?” पाच मिनिटांत सातातले तीन गेले. राहिले चार. मी सवयीनं तक्त्यावर नजर टाकली. चार माणसं, दोन खोल्या, जास्तीचं कुणी नाही. तक्ता पैशापर्यंत जुळला. बँकेत तक्ता जुळला की माणूस घरी जातो. मी घरीच होतो, आणि मला कुठं जावं ते कळेना.

“अहो,” सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “पेन्सिलीनं काय लिहून ठेवलंत, ते एकदा बघा.”

चौतीस वर्षं वेबिलं भरलेला माणूस. टेबलावर आकड्यांचा कागद दिसला की वाचल्याशिवाय राहतो का?

संध्याकाळी अण्णा फाट्यावर चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर बसतात. येणारी-जाणारी एसटी बघतात. गाडी वेळेवर आली की मान हलवतात, उशिरा आली की घड्याळ बघतात. दोन्ही गोष्टी महामंडळाला कळत नाहीत, तरी ते रोज करतात. मी जाऊन शेजारी बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जिंतूर गाडी गच्च भरून गेली, तिच्याकडे बघत अण्णा म्हणाले,

“पंचाहत्तरीच्या वरच्यांना एसटी फुकट केली तेव्हापासून गाडीत मी शून्य हे. म्हंजे तिकिटाच्या हिशेबात. अन् तुझ्या हॉटेलात जास्तीचा. एकाच माणसाचे दोन हिशेब कसे रे लागतेत?”

पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे. अण्णा तो दिवस वाढदिवसासारखा लक्षात ठेवतात. मी म्हणालो, “अण्णा, ते त्यांचं छापील असतं. आपण नाही लिहिलं.”

“पेन्सिलीचं छापील नव्हतं,” अण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता. वेबिलात चूक दाखवावी तसं ते म्हणाले. “गाडी भरली की आम्ही ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणायचो. पण ‘तू जास्तीचा’ असं कुणाला म्हणलो न्हाई. जागा कमी असती. माणूस जास्ती नसतो.”

त्या रात्री मला झोप लागेना. अण्णांचं ते बाकडं डोक्यातून जाईना. म्हणून थीम पार्कच्या गोष्टी वाचत पडलो, तर तिथंही पहिल्याच पानावर बाकडं! वॉल्ट डिस्ने म्हणून जो उंदराचा जनक, तो सांगत असे की लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ पार्कात आपल्या दोन मुली लाकडी घोड्यांच्या चक्रात बसायच्या आणि आपण बाकावर नुसते बसून राहायचो. तेव्हा त्याच्या मनात आलं की आईबापांना आणि पोरांना मिळून मजा करता येईल, अशी एखादी जागा पाहिजे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथं डिस्नेलँड उघडलं. म्हणजे जगातल्या या सगळ्या पाळण्यांच्या मुळाशी एक कंटाळलेला बाप आहे. बापाला बाकावरून उठवण्यासाठी एवढा खटाटोप झाला.

फक्त एक गोष्ट राहून गेली. त्या बाकावर डिस्नेच्या शेजारी त्याचे वडील बसलेले नव्हते. त्यामुळे पार्क झालं ते दोन पिढ्यांचं. बाप उठला, आजोबा अजून बाकावरच आहेत.

हॉटेलांची कथा त्याहून बोधप्रद. डिस्नेचे पैसे पार्क बांधण्यातच संपले, म्हणून शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच गृहस्थानं बांधलं. ते त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरू झालं, आणि डिस्ने कंपनीच्या ताब्यात यायला १९८८ साल उजाडलं. मधल्या काळात पार्कच्या भोवती इतरांची मोटेलं उगवली. पाळणे एकाचे, पलंग दुसऱ्यांचे. या अनुभवानं शहाणं होऊन डिस्नेनं फ्लोरिडात सुमारे २७,००० एकर जमीन घेऊन ठेवली. तो स्वतः १९६६ मध्ये वारला, पण १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथलं पार्क उघडलं तेव्हा कंपनीची स्वतःची दोन हॉटेलंही त्याबरोबर उघडली. तेव्हापासून पाळणा आणि पलंग यांचं लग्न लागलं, आणि त्या पलंगावर दोन हंस येऊन बसले.

आमच्या लहानपणी असं नव्हतं. १९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं, त्याची जाहिरात दूरदर्शनवर बघूनच आमचं जाणं झालं. खरा पाळणा आम्ही पाहिला तो परभणीला, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात. आकाशपाळणा होता, हॉटेल नव्हतं. मुक्काम मावशीकडे. मावशीच्या खोल्या दोन, माणसं एकोणीस, आणि जास्तीचं कुणी नाही.

तेव्हा, वाचकहो, मला समीक्षेची कसोटी सापडली. समीक्षक आयुष्यभर कसोटी शोधतात. मला ती रात्री दीड वाजता सापडली. हॉटेल पोरांसाठी निवडायचं नसतं. पोरं दिवसभर पार्कात असतात आणि रात्री त्यांना पोत्यावर टाकलं तरी झोपतात. आपल्यासाठीही नसतं, आपण पोरांच्या मागं असतो. जो पाळण्यात बसणार नाही, हॉटेल त्याच्यासाठी निवडायचं. आपण आठ तास पार्कात असतो, तेव्हा त्याचं पार्क म्हणजे ते हॉटेल. चांगलं हॉटेल म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एक चांगलं बाकडं.

सकाळी मी नवा कागद घेतला आणि नवे रकाने आखले. खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? न्हाणीत धरायला दांडी आहे का? पहिला चहा किती वाजता? दुपारी पार्कातून परत यायला रिक्षा मिळते का? आणि, खोलीच्या बाहेर बसायला जागा आहे का?

या प्रश्नांनी एकोणीस हॉटेलांची जी दाणादाण उडाली, ती कुठल्या समीक्षकानं उडवली नसेल. एक म्हणाला, “चहा आठला, बुफेसोबत.” आमचे अण्णा आठपर्यंत तीन चहा घेऊन दाढी करून बसलेले असतात. दुसरा म्हणाला, “बसायला जागा? रूममध्ये बेड आहे ना सर!” तिसऱ्याला मी दांडीचं विचारलं, तर त्याला वाटलं मी कपडे वाळत घालणार आहे. त्यानं ते नियमात बसत नसल्याचं सांगितलं.

अकराव्या फोनवर एक म्हाताऱ्या आवाजाचे गृहस्थ होते. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, “सोबत वयस्कर माणसं आहेत का?”

“तीन आहेत.”

“मग वरच्या मजल्यावरच्या खोल्या घेऊ नका. वरून डोंगर छान दिसतो, पण लिफ्ट नाही. खाली दोन खोल्या आहेत, मध्ये दार आहे, ते उघडून देतो. पुढं ओटा आहे, झाडाखाली. पार्क मात्र जवळ नाही हो, सहा-सात किलोमीटर पडेल. आणि गरम पाणी साडेआठपर्यंतच.”

माझा कान एकदम टवकारला. बँकेत कर्ज मागायला येणारा माणूस आपल्या दुसऱ्या कर्जाविषयी आपणहून सांगतो, तेव्हा त्याला कर्ज बेलाशक द्यावं. तो बुडवत नाही. मी म्हणालो, “आम्ही सात आहोत.”

“मग तीन गाद्या टाकू.”

“आणि जास्तीच्या व्यक्तीचे किती?”

“गादीचे घेतो साहेब,” ते म्हणाले. “माणसाचे काय घ्यायचे?”

मी आगाऊ रक्कम तिथल्या तिथं पाठवून दिली. हिशेब सांगायचा तर दोन खोल्या आणि तीन गाद्या मिळून एका रात्रीचा आकडा आधीच्या तीन खोल्यांपेक्षा बराच खाली आला. पण तो मुद्दा मी अण्णांपासून लपवला. नाहीतर त्यांना वाटलं असतं, केलं ते पैशासाठी केलं. नवा तक्ता नीट शाईनं लिहून काढला. शेवटचा रकाना : ‘गाद्या – ३’. त्या रकान्यात नाव कुणाचंच नाही. आणि तो कागद अण्णांच्या चष्म्याखाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, मुद्दाम विसरलो.

दुसऱ्या दिवशी चहाला अण्णा म्हणाले, “देवगिरी सेलूला किती वाजता येते, ते बघितलंस का? अन् रिझर्वेशन खालचं घे. आक्काला वर चढता येत न्हाई.”

मुक्कामाची समीक्षा आता थोडक्यात करतो. दोष आधी. गरम पाणी सांगितल्याप्रमाणे साडेआठला संपलं. फक्त ते साडेसातपासूनच संपायला लागलं होतं. पोहे पहिल्या दिवशी चांगले होते आणि दुसऱ्या दिवशीही तेच होते. पंखा तिसऱ्या आकड्यावर हेलिकॉप्टरसारखा वाजायचा. पलंगावर हंस नव्हते. याचं चिरंजीवांना फार वाईट वाटलं, म्हणून आक्कानं टॉवेलाचा एक प्राणी करून दिला. तो हंस नव्हता, पण बदक म्हणता आला असता.

गुण एकच. आम्ही सकाळी नऊला पोचलो, तेव्हा मालक म्हणाले, “खोल्या रिकाम्याच आहेत, मग दोन वाजायची वाट कशाला बघायची?” आणि ओट्यावर चहा आला. अण्णा त्या ओट्यावर बसले ते पहिला सबंध दिवस उठले नाहीत. आम्ही संध्याकाळी पार्कातून परतलो, पाय सुजलेले, आवाज बसलेले, तर अण्णा ताजेतवाने. त्यांना मालकाची सगळी वंशावळ कळली होती, समोरून पालीकडे एसटी किती वेळानं जाते ते कळलं होतं, आणि एक गाडी बारा मिनिटं उशिरा आली हेही. आई आणि आक्का दुपारपर्यंत आमच्याबरोबर होत्या, मग रिक्षानं परत येऊन झोपल्या. कन्येनं पाळण्याचं वर्णन केलं. अण्णांनी एसटीचं केलं. मला विचाराल तर अण्णांचं सरस होतं.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांच्या आग्रहाखातर अण्णा पार्कात आले. मोठ्या पाळण्यापाशी उंची मोजायची पट्टी असते. चिरंजीव पट्टीखाली उभे राहिले, टाचा उंचावल्या, मान ताणली. पण पट्टी काही डोक्याला लागेना. “पुढच्या वर्षी ये,” तिथला मुलगा समजुतीनं म्हणाला. कन्या आत गेली, तिच्याबरोबर सौभाग्यवती गेल्या. चिरंजीव डोळ्यांत पाणी घेऊन मागं फिरले आणि बाकावर आजोबांशेजारी येऊन बसले.

मी जरा लांब उभा होतो. एकाला वय जास्त म्हणून मज्जाव, एकाला उंची कमी म्हणून. अण्णांनी बूड उचललं, अर्धा हात बाजूला झाले आणि म्हणाले, “ये. पुढं सरक.” मग दोघं मिळून पाळण्यात माणसं किती चढतात आणि किती उतरतात ते मोजायला लागले. चिरंजीव मोजत होते, अण्णा वेबिल भरल्यासारखे बोटांवर टिपत होते. कन्या खाली आली तेव्हा चिरंजीव घाईनं तिला म्हणाले, “थांब थांब, हिशेब चालू आहे.” त्या दिवशी चिरंजीव मोठ्या पाळण्याचा हट्ट पुन्हा करायला विसरले. वॉल्ट डिस्नेला बाकावर कंटाळा का आला, याचं उत्तर मला तिथं मिळालं. बाकावर तो एकटा होता.

परतीच्या गाडीत मध्यरात्री मला जाग आली. गाडी नगरसोलवरून जात होती. शिर्डीला जाणारे इथं उतरतात. आई बर्थवर उठून बसली होती आणि अंधाऱ्या खिडकीला हात जोडून होती. मी म्हणालो, “पुढच्या ब्लॉकला शिर्डी.” आई म्हणाली, “झोप तू.” पण मी तिथंच मोबाईलवर तक्त्याची सुरुवात करून ठेवली. कधीही होईल अशा गोष्टींना तारीख घालावी लागते.

घरी आल्यावर अण्णांनी चष्मा लावून हॉटेलचं बिल तपासलं. खोल्या दोन, गाद्या तीन, कर ५ टक्के. बेरीज बरोबर. मग मला म्हणाले, “तू काहीतरी लिहिणार होतास म्हणं त्याच्यावर. लोक तारे देतेत, तसे किती देतोस?”

“साडेतीन,” मी म्हणालो.

“पाचातले दीड कुठं गेले?”

“एक गरम पाण्याचा कापला. अर्धा हंसांचा.”

अण्णांनी थोडा विचार केला. “हंसांचा कापू नको,” ते म्हणाले. “आक्काला वाईट वाटंल.”